गावरान अंड्यांना रंग धरत नाही

२२ मार्च, रविवार. नांदेड

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. पाडव्याच्या आधीपासून वही बंद आहे. चष्म्याची दांडी तुटली होती. दोरा बांधून चालवलं तर ओळी वरखाली पळायच्या. काल नवीन दांडी बसवून आणली, तीही ढिली. चष्मेवाला म्हणतो, "बाबा, तुमचा एक कान खाली हाय." शहात्तर वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. आता आरशात तेवढंच दिसतं.

लातूरहून थोरल्याचा, मलूचा फोन. "अप्पा, पाच तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. आता लातूरलाच राहायचं. लई झालं नांदेड."
म्हटलं, बघू.
"बघू काय? पोरीला सांभाळायला म्हणून थांबला होता ना? पोरगी नऊ वर्षांची झाली."

खरं आहे. धाकटा बसू गेला तेव्हा त्याची सारा सहाची होती. सून प्रमिला (पुढे नुसतं प्र. लिहितो, बोटं दुखतात) शाळेत शिकवायला जाणार, मग पोरीकडे कोण बघणार? म्हणून जळकोटचं किराणा दुकान कायमचं बंद केलं आणि इथंच राहिलो. आता सारा स्वतः कुलूप उघडते, दूध तापवते, मलाच गोळ्या देते. माझं काम संपलं.

मी इथं हवा आहे की नको, हे प्र. बोललेली नाही. विचारणार कसं? सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत. ती ख्रिस्ती घरची लेक, तिच्या माहेरी असलं काही नाही. पण लग्न झाल्या दिवसापासून तिनं ती पाळली. काय असेल ते सारामार्फत. "आजोबांना विचार, भाकरी वाढू का." मी तीन हातांवर बसलेला असतो.

मला इथंच राहायचं आहे. हे वहीत लिहिलं. बोललो कुणालाच नाही.

२४ मार्च, मंगळवार

साराचं तोंड फुगलेलं. वर्गातली मैत्रीण ईस्टरला घरी अंडी रंगवणार आहे म्हणे. मी सहज विचारलं, "तुमच्यात पण रंगवतात का गं?"
"तुम्ही यायच्या आधी रंगवायचो. तुम्ही आल्यापासून घरात अंडी बंद."
आतून प्र.चा आवाज, "सारा! इकडं ये आधी." मग कुजबूज. मग साराचं रडणं. मग तांब्या जोरात ठेवल्याचा आवाज.

म्हणजे दोन ईस्टर माझ्यामुळे कोरडे गेले. मला कुणी सांगितलं? मला वाटायचं, लग्नाच्या वेळी बसूनंच ठरवलं असेल, घरात अंडं नको म्हणून. मी एका शब्दानं काही मागितलं नव्हतं. मी लिंगायत, माझ्या गळ्यात लिंग आहे म्हणून त्यांनी आपल्याच घरात आपलाच सण

पुढं लिहवत नाही. राग आला आहे. कुणावर ते कळत नाही.

जेवताना म्हटलं, "सारा, आईला सांग, अंडी आणा. मला चालतं."
"आजोबांना सांग, तसं काही नाही. या वर्षी चॉकलेटची आणू."
"आईला सांग, चॉकलेट नको."
"आजोबांना सांग, भात गार होतोय."
सारा मध्ये बसून नुसती मान फिरवत होती. शेवटी म्हणाली, "मी जेवू का?"

२६ मार्च, गुरुवार

ठरवलं. आपणच आणायची, आपणच रंगवायची. प्र. शाळेत परीक्षेच्या गडबडीत आहे. तिला तयारच दाखवायची. म्हणजे तिलाही कळेल, म्हाताऱ्याची अडचण नाही.

जळकोटला चाळीस वर्षं किराणा विकला. दुकानात अंडी कधी ठेवली नाहीत. गिऱ्हाइकानं मागितली की पुढच्या दुकानाकडे बोट करायचो. आणि नुसतं बोट केलं तरी हात धुवायचो.

आज लिंग सदऱ्याच्या आत पाठीकडे सरकवलं आणि कोपऱ्यावरच्या शेखभाईकडे गेलो. रोजचा रामराम असतो. मला अंड्यांच्या चळतीपुढे बघून त्याचे डोळे मोठे झाले.
"अरे अप्पा, तुम? रस्ता चुकले का?"
"अंडी द्या. बारा."
"तब्येत तर बरी हाय ना?"
"रंगवायची आहेत. पोरीचा सण आहे."
"मग ही सफेद न्या. रंगवायला सफेदच लागतात."
"गावरान द्या."
"अप्पा, सफेद—"
"मी चाळीस वर्षं दुकान चालवलंय. गावरान ते गावरान. मला शिकवू नका."
त्यानं गावरान दिली. कागदाच्या पिशवीत घातली आणि वरून कोथिंबीर ठेवली. म्हणाला, "वरतून काही दिसणार न्हाई. बेफिकीर जा." चांगला माणूस आहे. पण हसत होता.

घरी येईपर्यंत जीव मुठीत. एकही फुटलं नाही. पलंगाखाली तांदळाच्या डब्यात खोचून ठेवली. काचेचा माल असाच ठेवतात.

२७ मार्च, शुक्रवार

स. ११. सारा शाळेतून लवकर आली. प्र. संध्याकाळी येणार. सारानं माळ्यावरून एक जर्मनचं पातेलं काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आत पिवळे, तांबडे डाग. म्हणाली, "हे अंड्यांचं आहे." तीन वर्षं गुंडाळून ठेवलेलं. मी ते धुवायला घेतलं.

पाणी खळखळ उकळलं आणि अंडी सोडली. तीन लगेच तडकली. पांढरं पाणी, फेस, आणि तो वास. मी पदार्थांच्या वासावर आयुष्य काढलं. हिंग, मिरची, खोबरं, सगळं सोसलं. हा वास नाकातून डोक्यात जातो. खिडक्या उघडल्या, धूप लावला. मग धूप आणि अंडं असा एकत्र वास आला. तो त्याहून वाईट.

राहिली नऊ. वसमतची हळद घरात आहे, बोटाला लागली तर तीन दिवस निघत नाही अशी. हळदीच्या पाण्यात तीन, बिटाच्या पाण्यात तीन, पालकात तीन. दोन तास ठेवली.

बाहेर काढली. हळदीची मातकट. बिटाची मातकट. पालकाची तर हात न लावलेली बरी. सारानं एक एक उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. "आजोबा, ही अंडी आधीच तपकिरी आहेत. तपकिरीवर रंग कसा दिसेल?"

जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आलो, गावरान घे, गावरान घे. तूर गावरान, लसूण गावरान, तूप गावरान. आणि शेखभाई तोंडावर सांगत होता, तरी ऐकलं नाही. नऊच्या नऊ अंडी सारानं खालच्या मजल्यावर देऊन टाकली. पातेलं तीनदा घासलं. लिंबानं, राखेनं, परत लिंबानं.

प्र. आली. दारातच थांबली. नाक वर केलं. म्हणाली, "सारा, धूप कशाला लावलाय?"
"आजोबांना वाटलं."
पोरगी खोटं बोलायला शिकली. माझ्यामुळे.

२८ मार्च, शनिवार

शेखभाईकडे परत. तो काही बोलला नाही. आधीच सहा सफेद काढून ठेवली होती. हे न बोलणं जास्त लागलं.

सारा म्हणते, रंग धरायला पाण्यात आंबट घालतात, आई व्हिनेगर घालायची. घरात व्हिनेगर नाही. मी म्हटलं, आंबट ते आंबट. दोन डझन लिंबं पिळली. ऐन उन्हाळ्यात! बोटांच्या चिरा झोंबतात अजून. काल उकळताना फुटली, म्हणून आज आधी रंग, मग उकळणं. कच्चीच सहा अंडी हळद घातलेल्या लिंबाच्या रसात, स्टीलच्या डब्यात. झाकण लावून पलंगाखाली. चांगली मुरू देत. लोणचं एका तासात होत नाही.

२९ मार्च, रविवार

आज त्यांचा ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. दोघी सकाळीच चर्चला गेल्या. मी डबा काढला. झाकण उघडलं तर वर फेस. हात घातला. काहीतरी मऊ लागलं. कवच नाही! सगळं कवच रसानं खाल्लेलं. नुसत्या पिवळ्या, थुलथुलीत, आतला बलक दिसणाऱ्या सहा पिशव्या. घाबरलो. खरं लिहितो, घाबरलो. वाटलं, काही जिवंत आहे.

तेवढ्यात दार वाजलं. हातात झावळ्या घेऊन दोघी आल्या. डबा लपवायला वेळ मिळाला नाही.

प्र.नं डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाली, "सारा, आजोबांना विचार, हे काय आहे."
सारा म्हणाली, "आजोबा, हे काय आहे?"
"आईला सांग, अंडी आहेत."
"आई, अंडी आहेत."
"ते दिसतंय. आजोबांना विचार, कवच कुठं गेलं."
"आईला सांग, ते मलाही कळलं नाही."
प्र.नं एक उचललं. अलगद उचललं होतं, तरी हातात फुटलं. मनगटावरून पदरावर, पदरावरून फरशीवर. चर्चची साडी. मी डोळे मिटले.

उघडले तर ती आतल्या खोलीत गेलेली. दार लावलेलं. आतून काही ऐकू येत नव्हतं.

साराला विचारलं, "लई रागावली का गं?"
"नाही. अंडी पप्पा रंगवायचे ना. आई फक्त उकडून द्यायची. रंगाचं सगळं पप्पांचं असायचं."

हे आधी सांगायचं ना पोरी. आधी सांगायचं. मी काय म्हणून मध्ये पडलो? जळकोटला असताना बसूनं कधी घरात पाणी भरलं नाही, आणि इथं तो अंडी रंगवायचा. बापाला माहीत नाही. बापाला काहीच माहीत नसतं.

संध्याकाळी प्र. बाहेर आली. साडी बदललेली. कणीक मळताना म्हणाली, "सारा, आजोबांना सांग, लिंबू नाही. पांढरं व्हिनेगर, पेलाभर पाण्याला एक चमचा. आणि अर्धा तास. रात्रभर नाही."

याचा अर्थ काय घ्यायचा? चालेल असा, की पुरे झालं असा?

३१ मार्च, मंगळवार

मलूचा फोन. सारानं त्याच्या पोराला मोबाईलवर त्या मऊ अंड्यांचे फोटो पाठवले होते.
"अप्पा, हे खरं हाय का? तुम्ही अंडी रंगवून राहिलात?"
"हाव."
"आन् गळ्यातलं?"
"गळ्यातच आहे."
"अप्पा, लोक काय म्हणतील? म्हातारपणी सुनेनं बाटवलं म्हणतील."
"लोकांना फोटो तू दाखवणार का? मग कळणार कसं?"
त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तुम्हाला तिथं काय कमी-जास्त बोलतात का? तसं असलं तर रविवारची वाट बघत न्हाई, उद्याच येतो."
मलू वाईट नाही. माझी काळजी त्यालाच आहे. पण त्याची काळजी अशी असते, की माणसानं निमूट गाडीत बसावं.
म्हटलं, "कुणी बोलत नाही. तीच तर अडचण आहे."
त्याला कळलं नाही. फोन ठेवला.

आज व्हिनेगरची बाटली आणली. दोन दुकानं फिरलो. एकानं विचारलं, "चायनीजची गाडी टाकली का बाबा?"

२ एप्रिल, गुरुवार

कांद्याच्या सालींनी तांबडा रंग धरतो, हे प्र.नं सारामार्फत कळवलं. सकाळी भाजीबाजारात गेलो. कांदेवालीच्या पाठीमागे सालींचा ढीग पडलेला. म्हटलं, "या नेऊ का?"
"न्या की. पर बाबा, कांदा सोडून सालीच?"
पिशवी भरून आणल्या. वाऱ्यानं अर्ध्या रस्त्यात उडाल्या. मागे एक बाई ओरडत होती, "ओ आजोबा, तुमचं सांडतंय."

शेखभाईकडून सफेद अंडी आधीच आणून ठेवली होती. दुपारी प्र. लवकर आली. पेपर तपासायचे होते, पण गठ्ठा बाजूला ठेवला आणि खाली बसली. त्यांच्यात एक नक्षीचं काम असतं. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवायचं, वरून मलमलचा तुकडा ताणून दोऱ्यानं बांधायचं, मग कांद्याच्या सालीत उकडायचं. पानाच्या जागी पांढरी नक्षी उमटते. तिचा दोरा सारखा सुटत होता. तिसऱ्यांदा पान निसटलं, तेव्हा मला राहवलं नाही. हात पुढे केला. तिनं अंडं माझ्या हातात दिलं.

चाळीस वर्षं पुड्या बांधल्या. जिऱ्याची, बडीशेपेची, साबुदाण्याची. कागद दुमडायचा, दोरा दोन फेरे, बोटाखाली दाबायचा, एक झटका. गाठ दिसत नाही आणि सुटतही नाही. अंडं म्हणजे काय, गोल पुडी. पहिलं बांधायला वेळ लागला. मग लागला हात. ती पान लावून देई, मी बांधी.

"सारा, बघ आजोबांची गाठ," प्र. म्हणाली. "पप्पांची कधी इतकी घट्ट बसायची नाही."
"आईला सांग," मी म्हटलं, "बसू दुकानात बसायचाच नाही. बसवला की पळून जायचा. शिकणार कुठून?"
"आजोबांना सांग, पप्पा म्हणायचे, अप्पांनी मला पुडी बांधू दिली नाही. म्हणायचे माल सांडतो."
"आईला सांग, सांडायचाच. एकदा शेरभर खसखस."
प्र. हसली. मीही.
मग ती म्हणाली, "सारा, दोरा दे."
कुणी दिला नाही. बघतो तर सारा घरातच नव्हती. केव्हाची खाली खेळायला गेलेली.
प्र.नं स्वतः उठून दोरा घेतला. नंतर दोघंही काही बोललो नाही. अकरा अंडी बांधून झाली.

त्याच वेळी विचारायचं होतं. मी राहू का, एवढंच. तोंडाशी आलं होतं.

३ एप्रिल, शुक्रवार

त्यांचा दुःखाचा दिवस, गुड फ्रायडे. प्र. पांढऱ्या साडीत, उपास. दुपारभर चर्चमध्ये. मीही जेवलो नाही. कुणी सांगितलं नव्हतं. सारानं खिचडीचं ताट झाकून ठेवलं होतं, तसंच राहिलं. प्र.नं परत आल्यावर ते बघितलं. झाकण परत ठेवलं.

आज विचारण्यासारखा दिवस नव्हता. हे कारण खरं आहे की सबब आहे, मलाच सांगता येत नाही.

धोतरं, औषधं, पूजेचं साहित्य पिशवीत भरलं. परत काढलं. परत भरलं. पलंगावर भरलेली पिशवी दिसली तर प्र.ला वाटेल, म्हाताऱ्याला जायची घाई झाली. नाही दिसली तर वाटेल, हलायला तयार नाही. शेवटी पलंगाखाली सरकवली.

४ एप्रिल, शनिवार

आज रंगकाम झालं. सगळं लिहून ठेवतो, परत चुकायला नको.

थंड पाण्यात अंडी घालायची, मग गॅस लावायचा. आच मंद. एकही तडकलं नाही. हळद झकास. सोनं. मी म्हणालोच होतो, वसमतची आहे. कांद्याच्या साली सगळ्यांत भारी. विटकरी, आणि मलमल सोडल्यावर पानाची प्रत्येक शीर पांढरी उमटलेली. सारा उड्या मारत होती. बीट बेकार, नुसतं फिकट गुलाबी, वाळल्यावर तेही जातं. पालक बेकार. शेजारच्या जास्वंदीची फुलं उकळली, त्यानं राखाडी-निळा येतो. प्र.ला तोच आवडला. शेवटी करडईच्या तेलाचा बोळा फिरवला की चकाकतात. हे मी सुचवलं. वाणसामानातलं मला कळतं, नाही असं नाही.

दोनवर सारानं मेणबत्तीनं नावं लिहून मग रंगात घातली. मेण लागेल तिथं रंग लागत नाही. एकावर "पप्पा". एकावर "अप्पा". बसू मला अप्पा म्हणायचा, प्र. इतरांशी बोलताना अप्पा म्हणते, म्हणून तिनं तेच लिहिलं. ही आईची सूचना का साराची, ते विचारलं नाही. उत्तर नको ते आलं तर?

उद्या मलू येणार.

५ एप्रिल, रविवार

ईस्टर. दोघी पहाटेच्या उपासनेहून आल्या. टेबलावर पितळी ताटात अंडी मांडली होती. मी चहा केला होता. जरा उतू गेला.

मलू बाराला आला. सारा दारात धावली, "मोठे काका, ख्रिस्त उठला आहे!"
मलू गडबडला. "हाव का? बरं झालं, बरं झालं."
तिनं त्याच्या हातात निळं अंडं ठेवलं. मलूनं खिशातून रुमाल काढला, रुमालात घेतलं, आणि आता रुमाल कुठं ठेवायचा म्हणून उभाच. मला हसू आलं. शहात्तर वर्षांच्या बापाला शिकवायला आला होता!

पाणी प्याला. जेवायला बसला नाही, म्हणाला उन्हाच्या आत निघू. दुपारच्या बाराला उन्हाच्या आत कसलं? मग भिंतीकडे बघत म्हणाला, "सारा, आईला विचार, अप्पांना इथं ठेवायचं का."
 मी टेबलाची कड धरली.
प्र. स्वयंपाकघराच्या दारात होती. म्हणाली, "ते अप्पांच्या मनावर आहे."
मलू माझ्याकडे वळला. "अप्पा?"
आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "यांच्या मनावर आहे."
मलूनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, "मग बसा गाडीत."

बसलो. पिशवी सारानं पलंगाखालून आणली. प्र.नं डबा दिला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणाली, "सारा, आजोबांना सांग, उन्हाचं बाहेर पडू नका." मी साराला म्हटलं, "आईला सांग," आणि पुढे काही सुचलं नाही. गाडी वळली. सारा हात हलवत होती. प्र. दारात उभी. हात हलवत नव्हती. पदर तोंडाशी होता. ऊन होतं म्हणूनही असेल.

८ एप्रिल, बुधवार. लातूर

स्वतंत्र खोली. पंखा, कूलर, दोन उशा. थोरली सून करतेय सगळं, नाव ठेवायला जागा नाही. दिवसभर बसून. कुणी डबा पुढे करून 'वास बघा' म्हणत नाही. दाराशी नातू येतो, "काय पाहिजे का अप्पा?" नको म्हटलं की जातो.

मलूच्या गाडीत वास. तीन दिवस शोधत होता, उंदीर मेला म्हणून. आज सापडलं. ते रुमालातलं अंडं, सीटखाली. उन्हानं काळं-निळं पडलेलं. माझ्या खोलीत येऊन बोलला, "अप्पा, सांगितलं का न्हाई?" मी कसं सांगणार? तुझा रुमाल, तुझी गाडी.

नांदेडहून फोन नाही. सारानं एकदा केला होता, दोन मिनिटं. "आजोबा, जेवलात का?" मागे भांड्यांचा आवाज येत होता. कुणी "आजोबांना विचार" म्हणतंय का म्हणून कान लावला. कुणी म्हणालं नाही.

माझ्या नावाचं अंडं खाल्लं का तिनं? विचारायचं राहिलं.

९ एप्रिल, गुरुवार

मलू आज सरळ म्हणाला, "नांदेडचं पलंग, कपाट घेऊन येऊ का? त्यांना जागा मोकळी होईल." म्हटलं, थांब. "किती दिवस?" म्हटलं, थांब म्हणालो ना! आवाज चढला. सून आतून बघायला आली. मग मीच ओशाळलो.

पलंग आला की संपलं. एवढं कळतं मला.

११ एप्रिल, शनिवार

पत्र लिहिलं. तीन कागद वाया गेले. तू लिहावं की तुम्ही, यातच सकाळ गेली. कधी बोललोच नाही तर कळणार कसं? शेवटी लेकीला लिहितात तसं लिहिलं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला कुणाच्या हाती देणार नाही, स्वतः जाणार. काय लिहिलं त्याची नक्कल इथं ठेवतो.

चि. प्रमिलास अनेक आशीर्वाद.
तुला सरळ लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं असेल तर सांभाळून घे.
त्या दिवशी दारात मी "यांच्या मनावर" म्हणालो, ते खोटं होतं. माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. तू मलूसमोर नाही म्हणालीस तर, या भीतीनं तुझ्यावर ढकललं. तूही तसंच केलंस का? मला तसं वाटतं. पण मला वाटण्याला काय अर्थ, मला गावरान अंड्यांवरही रंग धरेल असं वाटलं होतं.
मला नांदेडला राहायचं आहे. सारासाठी नाही. ती मोठी झाली, तिला माझी गरज नाही. मला राहायचं आहे म्हणून राहायचं आहे.
मी घरात असलो की काय होतं ते मला माहीत आहे. पहाटे खोकतो. नळ नीट बंद करत नाही. तुझ्या डब्यांची झाकणं उघडून बघतो. घरात अंडी आणत जा. वास सहन होतो असं म्हणणार नाही, पण गॅलरीत बसता येतं. माझ्यामुळे तुमचं काही अडलेलं मला चालणार नाही. तीन वर्षं अडलं आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस, याचा मला राग आहे. हेही लिहून टाकतो.
तुला नको असेल तर नको असं लिही. मलू चांगला आहे, इथं माझे हाल नाहीत. पण सारामार्फत नको. मलूला फोन नको. तुझ्या हातानं, माझ्या नावानं लिही. तो पलंग आणायला निघालाय, मी कसाबसा थोपवून धरलाय.
इथं टपाल दुपारी येतं. मी सकाळपासूनच फाटकापाशी असतो. दोन ओळी पुरतील. लवकर पाठव.